कंबरदुखी जुनी झालीय? मग रोजचा दिवस असा लावून बघा

कंबर दुखायला लागून तीन महिने उलटले आणि अजूनही सकाळी पलंगावरून उतरताना हात टेकावा लागतोय, तर डॉक्टरी हिशेबात ते जुनाट दुखणं झालं. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय. काल-परवा उसण भरलेल्यांनी एवढं वाचायची गरज नाही, ती बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण जाते. मी बँकेच्या काउंटरमागे नोकरीची वर्षं काढलेली बाई आहे, कंबरेचं दुखणं मला नवीन नाही आणि आमच्या घरात ते फक्त मलाच आहे असंही नाही, त्यामुळे तेल, पट्टा, गोळ्या, योगाचा क्लास, हाडवैद्य, "मणक्यात गॅप आलाय" हे सगळं जवळून पाहिलंय.

एक कसोटी आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उपाय कुठलाही असू दे, मालिश, शेक, आसन, गोळी, काढा, तो सुरू केल्यावर महिन्याभरात तुमचं हिंडणं-फिरणं वाढलं का कमी झालं एवढंच बघायचं. वाढलं तर उपाय ठेवा, मग तो आजीच्या बटव्यातला असो नाहीतर हॉस्पिटलातला. तो करूनही तुम्ही जास्त वेळ आडवे पडायला लागलात, जास्त घाबरून वाकायला लागलात, तर त्याने तात्पुरतं कितीही बरं वाटू दे, तो तुमच्या कामाचा नाही.

आधी हे बघून घ्या, मग बाकीचं

घरगुती उपायांकडे वळायच्या आधी काही गोष्टी नाहीत ना याची खात्री हवीच. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी तुंबली, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चाललीय, चप्पल पायातून निसटतेय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर टाकायचं नाही. मणक्याच्या तळाशी नसांचा जो जुडगा असतो तो दाबला गेला की असं होतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

दुसरं म्हणजे संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन कारण नसताना उतरणं, भूक जाणं आणि सोबत पाठीत किंवा कंबरेत एका ठिकाणी ठणका. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही भरपूर आहे आणि त्यात खोकला असतोच असं नाही, म्हणून तो लक्षात यायला उशीर होतो. मालिश करत महिने घालवले असं होऊ देऊ नका. आधी कधी कॅन्सर होऊन गेलाय, पडल्यावर दुखणं सुरू झालंय, बरेच महिने स्टिरॉइड घेतलंय, वय झालंय आणि हाडं ठिसूळ आहेत, या लोकांनीही आधी डॉक्टर.

आणि तरुण मुलांबद्दल एक सांगायचंय, विशी-तिशीतलं कुणी असेल, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास-तासभर आखडलेली असते, हिंडलं की मोकळी होते, पण बसून-झोपून उलट वाढते, पहाटे दुखण्याने जाग येते, तर हा "बसून काम करतो म्हणून" असलेला प्रकार नसू शकतो, संधिवाताच्या डॉक्टरकडे जायला हवं. याचं औषध वेगळं असतं आणि वेळेत मिळालं तर फरक पडतो.

हे सगळं तपासून झालं, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, तर ते खरं माना. इथेच बरेच जण अडकतात. "मग दुखतंय का?" हा प्रश्न राहतोच.

रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढं घाबरू नका

एमआरआयच्या कागदावर डिस्क बल्ज (म्हणजे दोन मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं), झीज, डिजनरेशन असे शब्द दिसले की माणूस निम्मा खचतो. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३ हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांना बल्ज होता. दुखत काहीच नव्हतं. म्हणजे केस पिकतात तसं मणकेही पिकतात, आणि तुमच्या रिपोर्टमधलं सगळंच तुमच्या दुखण्याचं कारण असेल असं नाही.

मग दुखतं कशाने? दुखणं लांबलं की शरीराची धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच हळवी होऊन बसते. गल्लीतल्या कुत्र्याने एकदा चोर बघितला की पुढे तो दूधवाल्यावरही भुंकत सुटतो, तसं होतं, वाकलं की भुंक, बसलं की भुंक. भुंकणं खरं असतं, दुखणं शंभर टक्के खरं असतं, "मनाचे खेळ" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पण प्रत्येक वेळी चोर आलेला नसतो. त्या यंत्रणेला परत विश्वास द्यायचा तर रोज थोडी थोडी, न घाबरवणारी हालचाल द्यावी लागते, पुरेशी झोप द्यावी लागते आणि मनावरचा ताण उतरवावा लागतो. खाली जे सगळं येतंय ते याचसाठी आहे.

दुखण्यावर नाही, घड्याळावर काम करा

सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो विचाराल तर मी हेच सांगेन, आणि हेच सगळ्यात कमी लोक करतात कारण यात तेल नाही, मशीन नाही, पैसे द्यायचे नाहीत.

आपल्याकडे काय होतं, एखाद्या दिवशी कंबर जरा बरी असते, मग बाई पडदे धुते, माळा आवरते, गव्हाचं दळण आणते, आणि मग तीन दिवस पडून. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. पुरुषांचंही तसंच, रविवारी गाडी धुवायची, सगळं एकदम. असं करत करत वर्षभरात करता येणारी कामं कमी कमी होत जातात.

याच्यावर उपाय असा. एक काम धरा, समजा ओट्याशी उभं राहणं. तीन-चार दिवस नुसतं बघा की किती मिनिटांनी कंबर भरून यायला लागते. एक दिवस २५, एक दिवस १५, एक दिवस २० आलं तर सरासरी झाली २०. आता त्याच्यापेक्षा कमी घ्यायचं, १५ मिनिटं. मोबाइलवर टायमर लावायचा आणि १५ मिनिटं झाली की गॅस बारीक करून बसायचं, दुखत नसलं तरी बसायचं. हे "दुखत नसलं तरी" फार महत्त्वाचं आहे. पाच मिनिटं बसून, दोन चकरा मारून पुन्हा १५ मिनिटं. आणि कंबर जरा कुरकुरतेय अशा दिवशीही, अगदीच भडका नसेल तर, तेवढं करायचंच. आठवड्याने दीड-दोन मिनिटं वाढवा. हळू वाटतं, पण दोन-तीन महिन्यांत तुमचं तुम्हाला कळतं.

दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे भल्याभल्यांची कंबर जाते. चकल्या करताना खरा भार तळण्याचा नसतो, सोऱ्या दाबण्याचा असतो, खाली पाटावर बसून किंवा ओट्यावर वाकून पूर्ण जोर देऊन दाबायचं आणि कंबर तशीच धरून ठेवायची. तर भाजणी मळणं आणि साच्यातून पाडणं डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसून करा, पीठ थोडं सैल ठेवा म्हणजे जोर कमी लागतो, एका घाण्याएवढ्याच पाडा आणि उठून तळा, तळताना उभं राहणं होतं, परत पाडायला बसणं होतं, म्हणजे आपोआप आलटून-पालटून होतं. चकली एका दिवशी, लाडू दुसऱ्या, चिवडा तिसऱ्या. दळणाचा डबा उचलायला नवरा-मुलगा कुणी असेल तर सांगा, नसेल तर दोन पिशव्यांत निम्मं निम्मं. आणि ओट्याशी उभं असताना खाली पालथा डबा किंवा छोटा पाट ठेवून एक पाय त्याच्यावर, दर थोड्या वेळाने पाय बदलायचा, याने कंबरेचा ताण खरंच उतरतो.

हाच हिशेब बसण्यालाही लागू आहे. ऑफिसात महागडी खुर्ची घेऊन चार तास सलग बसण्यापेक्षा साध्या खुर्चीवर बसून अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठणं जास्त कामाचं.

चालणं आणि योग

चालण्याला मी वरचा नंबर देते. २०२४ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, सोबत फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन. काहीच न करणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा दुखायला लागली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. खर्च काय तर बूट. ज्यांना आत्ता दुखतंय त्यांनी पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा, वरचाच घड्याळाचा नियम, आणि जायचं तेवढंच यायचं असतं हे लक्षात ठेवून निम्म्यातून परत फिरा.

योगाचं म्हणाल तर नुसती आपली परंपरा म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या गोष्टींमध्ये व्यायाम, योग, ताई ची (संथ लयीतला चिनी व्यायाम), अॅक्युपंक्चर यांची नावं घेतली. त्याच वर्षी बोस्टनमधल्या रॉबर्ट सेपर यांच्या टीमने ३२० लोकांवर केलेल्या अभ्यासात योगाचा क्लास फिजिओथेरपीच्या तोडीस तोड निघाला. यातलं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण कुठला योग? पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली संस्था सुरू केली, तिथून जगभर गेलेली पद्धत म्हणजे खुर्ची, पट्टा, विटा, लोड, भिंतीचे दोर वापरून शरीराला जमेल तिथपर्यंतच आसन करणं. आखडलेल्या माणसाला हे फार सोयीचं पडतं, कारण हात जमिनीला टेकलाच पाहिजे असा हट्ट नसतो, हात विटेवर टेकला तरी चालतं. उलट टीव्हीवर बघून पन्नास जणांसोबत भराभर सूर्यनमस्कार घालणं, हलासन, पश्चिमोत्तानासनात कुणीतरी पाठीवर दाबणं, हे कंबरदुखीवाल्याने टाळायचं. पायात कळ जात असेल, सायटिका असेल, किंवा हाडं ठिसूळ असतील तर खूप पुढे वाकणारी आसनं शिक्षकाला आधी सांगून बाजूला ठेवा. शिक्षक पहिल्या दिवशी तुम्हाला काय होतंय ते विचारत नसेल तर दुसरा क्लास शोधा.

घरी सुरुवात करायला एवढं पुरे. चटईवर पाठीवर पडून एक एक गुडघा छातीकडे, मग दोन्ही पाय वाकवून कंबर जरा वर उचलून खाली ठेवणं म्हणजे साधं सेतुबंध, मग हातापायांवर ओणवं होऊन मार्जारासन, पाठ वर-खाली, श्वासाबरोबर, आणि शेवटी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. प्रत्येकी सहा-आठ वेळा. करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलं दुखणं उतरलं नाही तर निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा.

सकाळी उठल्या उठल्या मात्र हे करू नका. रात्रभर आडवं पडल्यावर डिस्क पाणी शोषून टपोऱ्या झालेल्या असतात, म्हणूनच सकाळी कंबर ताठ वाटते, त्यात काही बिघडलेलं नसतं. चहा, थोडं हिंडणं, अर्धा-पाऊण तास जाऊ दे, मग वाका.

शेक आणि मालिश

शेकाने बरं का वाटतं याचं उत्तर मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं होतं, पाठीच्या कण्यात दुखण्याच्या संदेशांसाठी एक दरवाजा असतो आणि स्पर्श, ऊब, चोळणं यांचे संदेश पोचले की तो काही काळ ओढून घेतला जातो. पुढे त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या पण मूळ गोष्ट टिकली. तर शेकाने झीज भरून येत नाही, वात "बाहेर" पडत नाही, पण अर्धा-एक तासाची मोकळीक मिळते, आणि त्या मोकळिकीत काय करायचं हे महत्त्वाचं. शेकून झोपून जाऊ नका, शेकून वरचे व्यायाम करा किंवा चालून या.

गरम पाण्याची पिशवी सगळ्यांकडे असते. मला स्वतःला मिठाची पुरचुंडी जास्त आवडते कारण ती कंबरेच्या खोलगट भागात नीट बसते. जाडं मीठ दोन वाट्या लोखंडी कढईत कोरडंच मंद गॅसवर परतायचं, हात वर धरला की ऊब लागेल एवढं, तडतडायला लागलं तर जास्त झालं. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तीन पदर घेऊन त्यात ओतायचं, सैल गाठ मारायची म्हणजे मीठ आत सरकतं, आणि आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघायचं. तिथे सोसवलं तरच कंबरेला. एका जागी दाबून न ठेवता सरकवत राहायचं, १५ मिनिटं, बस. चिमूटभर ओवा टाकला तर वासाने छान वाटतं. हेच मीठ परत परत वापरता येतं. डायबेटिस असलेल्यांनी आणि जिथे बधिरपणा आहे तिथे शेक देताना दुसऱ्या माणसाने हात लावून बघावं, भाजलेलं कळत नाही आणि जखम महिनोन् महिने भरत नाही.

मालिशला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शनातही जागा आहे. तेल तिळाचं घ्या, महानारायण घ्या, निर्गुंडीचं घ्या, जे घरात आहे ते. हलक्या हाताने, मणक्याच्या हाडावर दाब न देता दोन्ही बाजूच्या स्नायूंवर. पाठीवर पाय देऊन चालायला लावणं, कटकन मोडून घेणं हे नको, आणि पायात बधिरपणा असेल, हाडं ठिसूळ असतील तर हाडवैद्याकडे मोडायला तर मुळीच जाऊ नका. रुईची पानं शेकून बांधायची पद्धत आहे गावाकडे, पण त्या चिकाने कातडी सोलवटते आणि हात डोळ्याला लागला तर डोळा जातो की राहतो अशी वेळ येते, त्यापेक्षा एरंडाचं पान बरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या याच मार्गदर्शनात कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजनं लावून ओढणं, रोजचा उपचार म्हणून करू नका असं म्हटलंय. आपल्याकडे दोन्ही सर्रास सांगतात. पट्टा एसटीच्या लांब प्रवासात तासा-दोन तासांसाठी लावला तर बिघडत नाही, पण दिवसभर पट्ट्यात राहिलं की माणूस पट्ट्याशिवाय वाकायला घाबरतो, आणि आपली कसोटी आठवा, हालचाल कमी झाली.

उरुळीकांचनसारख्या निसर्गोपचार केंद्रात आठ-दहा दिवस राहून आलेले बरेच जण असतात. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेली ती जागा. तिथे बरं वाटतंच, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, मातीचे लेप, चालणं, घरची कटकट नाही. परवडत असेल तर जा जरूर. फक्त येताना त्यातल्या कुठल्या दोन गोष्टी घरी चालू ठेवणार ते तिथेच ठरवून या, नाहीतर दोन आठवड्यांत जिथे होतो तिथे.

गोळ्या, काढे आणि त्या बिननावाच्या पुड्या

गोळी घेणं म्हणजे हरणं नाही. दुखणं एवढं आहे की चालताच येत नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेऊन चालायला सुरुवात करणं शहाणपणाचंच आहे. पण डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन् महिने खाऊ नका, पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं, किडनीवर परिणाम होतो आणि किडनी आधी काही बोलत नाही. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असू शकतं, मागचं बारीक अक्षर वाचा.

आयुर्वेदाबद्दल माझं मन साफ आहे, वैद्यांकडून पथ्य-पाण्याचा, मालिशचा खूप जणांना फायदा होताना मी बघितलाय. पण ते रॉबर्ट सेपर, ज्यांनी योगाच्या बाजूने पुरावा दिला, त्यांनीच २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून धातू-पाऱ्यापासून केलेली भस्म, रस असलेली औषधं शिकलेल्या वैद्याकडूनच, पक्क्या बिलाने आणि ठराविक मुदतीसाठीच. गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हरला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं, आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, वाद आहे, पण तोवर रोज ग्लासभर काढा वर्षभर पिण्याचं काही कारण नाही. हळदीचं दूध खुशाल प्या. हळदीच्या तीव्र कॅप्सूल मात्र वेगळ्या, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

आणि पुड्या. कागदात बांधलेली पांढरी-तपकिरी पूड, वर नाव नाही, "तीन दिवसांत फरक", आणि खरंच तीन दिवसांत फरक पडतो, भूक लागते, उत्साह येतो. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुढे चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी घेत असेल तर हात जोडून सांगते, ऐकून घाबरून आजच्या आज बंद करू नका, बरेच दिवसांचं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे कमी करा. ते रागावले तरी चालेल, पण लपवू नका.

झोप, श्वास आणि मन

एक रात्र झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, हे दुखणेकऱ्याला सांगावं लागत नाही. "फळीवर झोपा, जमिनीवर झोपा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण २००३ साली स्पेनमध्ये तीनशेवर लोकांना टणक आणि मध्यम टणक गाद्या देऊन बघितलं तर मध्यम टणकवाल्यांना जास्त आराम पडला. साधी कापसाची, नीट पिंजलेली गादी उत्तम. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली लोड. उठताना सरळ झटक्यात न उठता आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून उठायचं.

मनाचं म्हणाल तर जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजात ध्यानाचा जो कोर्स सुरू केला तो जुनाट दुखण्याच्या पेशंटपासूनच. त्यातला मुख्य भाग म्हणजे पडून राहून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एक एक अवयव मनाने बघत जाणं, आपल्याकडे शवासनात, योगनिद्रेत हेच करतात. घरी करायची पद्धत अशी, जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या, गुडघे काटकोनात, डोक्याखाली घडी घातलेली चादर. कंबर आपोआप जमिनीला टेकते. मग श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब, घेताना चार अंक मोजले तर सोडताना सहा. दुखतंय तिथे लक्ष गेलं की त्याच्याशी भांडायचं नाही, नुसतं बघायचं की हे ठणकणं आहे, का ओढ आहे, का जळजळ, आणि पुढच्या अवयवाकडे जायचं. दहा मिनिटं. भ्रामरी आवडत असेल तर शेवटी पाच वेळा. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही बऱ्याच जणांना, चालू ठेवा.

रडू येतं, चिडचिड होते, कशात मन लागत नाही, जगून काय करायचं असे विचार येतात, तर तेही दुखण्याचाच भाग आहे आणि त्यावर मदत मिळते. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घरच्यांशीही एकदा नीट बोला, आणि दुखत असताना बोलू नका, बऱ्या दिवशी बोला. "बरी तर दिसतेयस" ऐकून जीव तुटतो, पण समोरच्याला आतलं दिसत नाही हेही खरं. "मला मदत करा" एवढं मोघम न सांगता "सिलिंडर हलवणं आणि वरच्या मजल्यावर पाणी चढवणं मला जमणार नाही, कणीक मी मळेन" असं नेमकं सांगा. आणि घरच्यांनी सगळंच काम काढून घेऊ नये, "तू बस, तू काही करू नकोस" म्हणून माणूस खरंच बसून जातो.

भडका उडतो तेव्हा

सगळं नीट चालू असताना एखाद्या दिवशी कंबर पुन्हा धरते. लग्नात उभं राहून, प्रवासात, कधी काहीच न करता. यासाठी आधीच एक कागद लिहून फ्रिजवर लावा, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही. त्यावर काय काय असावं: कुठली गोळी डॉक्टरांनी सांगितलीय आणि दिवसातून किती. शेक किती वेळा. खुर्चीवर पोटऱ्या ठेवून पडणं. दर तासाला उठून घरातल्या घरात दोन-चार मिनिटं चालणं. फार झालं तर एक-दोन दिवस कामं कमी, पण अंथरूण धरायचं नाही, फिनलंडमध्ये १९९५ सालीच नवीन कंबरदुखीत हे तपासून झालंय की पडून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करत राहणारे लवकर सावरतात. तिसऱ्या दिवसापासून व्यायाम नेहमीच्या निम्म्याने, मग आठवड्याभरात पूर्ववत. घरात कुणाला काय करायचंय तेही त्याच कागदावर, दूध कोण आणणार, पोरांचे डबे कोण भरणार. आणि खाली मोठ्या अक्षरात सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याच्या खुणा, लघवी, बधिरपणा, पायातली ताकद, ताप, आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर. या खुणा नाहीत, तरी दोन आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर आला नाहीत तर फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या.